तिन्हीसांजेला न दिसणाऱ्या रायफलच्या साइटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : लिव्हर अ‍ॅक्शन रायफलसाठी ‘कमी उजेडातील साइट’ म्हणून विकलेला सदोष संच बदलून मिळणे अथवा पैसे परत मिळणे

महोदय,

आपला साइट संच, म्हणजे नेम धरण्यासाठी बंदुकीवर बसवायच्या मागच्या-पुढच्या खुणांचा जोड, मी माझ्या .३०-३० काडतुसाच्या लिव्हर अ‍ॅक्शन रायफलसाठी (चापाजवळचा दांडा खाली-वर करून गोळी भरायची बंदूक) घेतला. संचात रिसीव्हरच्या (नळीमागच्या यंत्रणेच्या पेटीच्या) माथ्यावर बसणारे भोकाचे मागचे साइट आणि फायबर ऑप्टिकची हिरवी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचे पुढचे साइट, आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणाऱ्यांसाठी हा संच बनवला आहे, असे खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे. मी पैसे मोजले ते त्या एका वाक्यासाठी. भर दुपारी नेम धरायला रायफलची मूळची मागची खाच आणि पितळी माशी पुरेशी होती.

हा संच नेमका त्याच वेळेला कुचकामी ठरतो. झाडांच्या कडेला उभे राहून दिवस मावळताना मी नेम धरून पाहिला. समोरच्या पुठ्ठ्याची कड अजून स्पष्ट होती, फांद्या वेगवेगळ्या ओळखू येत होत्या, पण माशीवरचा हिरवा ठिपका आधी मळकट झाला, मग काळा पडला आणि मागच्या काळोख्या झाडोऱ्यात मिसळून गेला. लगेच जुनी पितळी माशी बसवून पाहिली. आभाळाकडचा उजेड तिच्या गोल तोंडावर पडत होता आणि ती दिसत होती.

आपल्या ग्राहक सेवेकडून उत्तर आले की फायबरला ‘थोडा उजेड लागतो’. हे मला मान्य आहे. फायबरची काडी स्वतः काहीही पेटवत नाही. तिच्या अंगावर आजूबाजूचा जो उजेड पडतो, तोच ती टोकाला आणून सोडते. मग त्या काडीवर चहूबाजूंनी बंद असलेले पोलादी टोपण का चढवले आहे? काडी वाकू नये म्हणून संरक्षण हवे, हे खरे. पण वरून उघडे ठेवलेले दोन बाजूंचे कान ते काम करतात आणि उजेडही आत येऊ देतात. उजेडावर चालणारी वस्तू अंधारात कोंडायची आणि तिला कमी उजेडासाठीची म्हणायचे, हे मला पटत नाही.

मागच्या साइटची गोष्ट याहून गंभीर आहे. त्यात बसवलेल्या चकतीचे भोक १.८ मिलिमीटरचे आहे, मी ते मोजले. संधिप्रकाशात डोळ्याची बाहुली साधारण ५ ते ६ मिलिमीटर उघडते. ५.४ मिलिमीटर धरली तर हे भोक तिच्या एक तृतीयांश रुंदीचे झाले, म्हणजे क्षेत्रफळ एक नवमांश. सावजाकडून डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाचे आठ हिस्से आपली चकती अडवते आणि एक हिस्सा आत सोडते. बारीक भोकाने माशी आणि निशाण दोन्ही रेखीव दिसतात, म्हणून ते चांदमारीच्या मैदानावर उपयोगाचे आहे. जंगलाच्या कडेला, दिवस बुडताना, मोठ्या भोकाचे आणि पातळ कडेचे घोस्ट रिंग लागते. डोळा त्याच्या मध्यावर आपोआप जातो आणि पाहायचे राहते फक्त माशीकडे. चकती काढली तर आपल्याच साइटचे तसे कडे होते! पण कारखान्यात ती आट्यांवर चिकटद्रव्य लावून बसवली आहे. माहितीपत्रकात ती काढता येते किंवा येत नाही, याबद्दल एक ओळही नाही.

तिसरी अडचण उंचीची. मागचे साइट त्याच्या स्क्रूवर शेवटपर्यंत वर चढवूनही १०० यार्डांवर गोळ्या निशाणाच्या ६ इंच खाली लागतात. दोन साइटमधले अंतर माझ्या रायफलवर २४ इंच भरते. १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच. २४ ला ६ ने गुणून ३६०० ने भागले की ०.०४ इंच येतात, म्हणजे आपली माशी जेमतेम एक मिलिमीटर जास्त उंच आहे. एवढा हिशेब खोक्यात माशी घालण्याआधी आपल्याकडे व्हायला हवा होता. कानस घेऊन ती घासायचा सल्ला मला फोनवर मिळाला, पण घासायला गेले तर आधी फायबरच जाईल.

बदली म्हणून ट्रिटियमची (किरणोत्सारामुळे आपोआप मंद चमकणाऱ्या वायूची) माशी देण्याची तयारी आपण दाखवलीत, त्याबद्दल आभार. ती मला नको आहे. ट्रिटियम उजेडाशिवाय चमकते आणि त्याचे अर्धायुष्य १२ वर्षांहून थोडे जास्त आहे, तेव्हा टिकाऊपणाबद्दल माझी तक्रार नाही. पण माशी चमकते आहे आणि पलीकडचे जनावर दिसत नाही, अशी वेळ तिच्यामुळे येते. नर की मादी, मागे पिल्लू आहे का, त्याच्याही मागे माणूस आहे का, हे डोळ्यांना कळेनासे झाले की चाप ओढण्याची वेळ संपली. माशी आणि सावज जवळपास एकाच वेळी दिसेनासे व्हावे, हेच मला योग्य वाटते.

मला हवी आहे ती सपाट तोंडाची, मधोमध उभी पांढरी रेघ असलेली, ३/३२ इंच रुंदीची माशी. १०० यार्डांवर ती सुमारे ९ इंच झाकते हे मी जाणतो. कातरवेळी मी ५० यार्डांपलीकडे बार टाकत नाही आणि तेवढ्या अंतरावर ती पाच इंचांच्या आतच झाकते.

हा आग्रह हौसेचा नाही. नेम हुकला आणि गोळी पोटात किंवा पायात लागली, तर जनावर रात्रभर तडफडत झाडीत फिरते आणि अंधारात त्याचा माग लागत नाही. त्या वेदनेची पहिली जबाबदारी बंदूक धरणाऱ्याची, म्हणूनच मी हा संच घेऊन शिकारीला गेलेलो नाही. पण ‘दिसेल’ असे छापून न दिसणारी वस्तू विकणाऱ्याचाही त्यात वाटा आहे. खोक्यावरचा तो मजकूर वाचून कुणी नवखा शिकारी न तपासता हाच संच चढवून जंगलात जाईल, याची मला काळजी वाटते.

तरी या पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांत मला वर लिहिलेली माशी माझ्या रायफलला जुळणाऱ्या उंचीत आणि मागच्या साइटसाठी चकती नसलेले मोठे कडे विनामूल्य पाठवावे. ते शक्य नसेल तर संच परत घेऊन पाठवणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम द्यावी. यापैकी काहीही केले तरी खोक्यावर भोकाचा व्यास आणि माशीची उंची छापावी, आणि टोपण बदलेपर्यंत ‘कमी उजेडासाठी’ हे शब्द काढून टाकावेत.

पावतीची प्रत, मोजमापांचे फोटो आणि गोळ्या लागलेल्या पुठ्ठ्याचा फोटो सोबत जोडला आहे. दोन्ही साइट माझ्याकडे जशाच्या तशा आहेत, चकतीला मी हात लावलेला नाही. आपल्या तपासणीसाठी त्या केव्हाही पाठवायला तयार आहे.

आपला,
एक ग्राहक