पुनवेला नको, पुनवेच्या आधी दोन दिवस

आई, बाबा,

नमस्कार. फोनवर सांगायला गेलं की बाबा "बरं बरं, तू ठरव" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई भाजीला फोडणी देत अर्धंच ऐकते, म्हणून यावेळी सगळं लिहूनच काढलंय. दादाला सांगा, मोबाईलवर अक्षरं मोठी करून देईल.

तर कच्छला यायचं नक्की, फक्त कधी तेवढं ठरवायचंय. बाबा म्हणतात दिवाळीला येतो, भात कापून मळणी झाली की मोकळाच आहे. दिवाळीला अजिबात नको. पावसाळ्यात हे रण म्हणजे सगळं पाणीच असतंय, पावसाचं, नद्यांचं आणि समुद्राकडनं वाऱ्यानं आत ढकललेलं, ते सगळं उथळ तळ्यासारखं साचतं आणि ऑक्टोबरनंतर हळूहळू आटायला लागतं, मग मागे मीठ राहतं. मामेबहीण दिवाळीच्या सुट्टीत आली होती ना, तिने काय बघितलं विचारा तिला. चिखल. पाऊस जास्त झाला तर डिसेंबरातसुद्धा वरनं पांढरं आणि खाली ओलं असतंय, पाय टाकला की वरची खपली कर्रकन मोडते आणि खालचा राखाडी चिखल चपलेच्या पट्ट्यातनं वर येतो. बाबांचा गुडघा बघता मला ते नकोच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र घट्ट असतं, मिठाच्या कडा बोटभर वर आलेल्या, लांबपर्यंत तसेच वेडेवाकडे चौकोन-षटकोन दिसतात, आणि बाबा, तुम्ही उचलून चाखणार हे मला माहितीये, चाखा, पण थोडंच, बीपी आहे.

आता पुनवेचं. सगळे म्हणतात पांढरं रण पुनवेलाच बघायचं आणि ते खरंच आहे, चांदण्यात सगळी जमीनच उजळते. पण त्याच दिवशी सगळा गुजरात आणि अर्धी मुंबई तिथे असते, रणोत्सवाच्या तंबूंचे रेट पण तेव्हाच चढतात. त्यापेक्षा माझं ऐका, त्रयोदशी किंवा चतुर्दशीला जाऊ. पुनवेच्या आधी चंद्र सूर्य मावळायच्या आतच पूर्वेला वर आलेला असतो, म्हणजे इकडे सूर्य बुडाला की लगेच तिकडे चांदणं सुरू, थांबायला नको. पुनव झाल्यावर उलट, रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, मग अंधारात त्या वाऱ्यात कुडकुडत उभं राहायचं, आईला दम्याचा त्रास, कशाला पाहिजे ते.

कुठल्या महिन्यातली पुनव? मार्गशीर्षातली दत्तजयंती, त्या दिवशी तुम्ही नरसोबाची वाडी सोडून कुठे जाणार नाही, तो विषयच संपला. पौषातली जानेवारीत येते, ती संक्रांतीच्या आसपास आली तर इथे उत्तरायणाच्या पतंगांची गर्दी, शिवाय कच्छची थंडी आपल्या बेळगावसारखी नाही हं, तिकडे नलियाला पारा दहाच्या खाली जातो. म्हणून माझ्या मनात माघ आहे, फेब्रुवारीतली. मीठ पूर्ण वाळलेलं, दुपारी ऊन पण सोसेल एवढंच, रात्री स्वेटर-शाल पुरते. मार्चपासनं मग ऊन तापायला लागतं. आई म्हणेल माघी पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माकडे जायचं असतंय, तर ओटी काकींच्याकडे दे, त्या जातातच दरवर्षी. आणि बाबा म्हणतील मसूर काढायची आहे. ती पुनवेच्या आत निघते का तेवढं बघून सांगा, सगळं त्याच्यावर अडलंय.

गाडी आपल्या बेळगाववरनंच मिळते, बेंगळूरु-गांधीधाम, हुबळी-बेळगाव-मिरज-पुणे करत येते, गांधीधामपर्यंत कुठे बदलायला नको. फक्त आठवड्यातनं एकदाच आहे म्हणून तिथीला नेमकी जुळणार नाही, तर तीन-चार दिवस आधीच्या गाडीने या आणि भुजला माझ्याकडे आराम करा, एक दिवसाच्या वरचा प्रवास आहे, उतरल्या उतरल्या लगेच रणात नेणार नाहीये मी. रिझर्व्हेशन आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासनं तसं केलंय, त्यामुळे उघडल्या दिवशीच काढायला पाहिजे, नाहीतर खालचे बर्थ जातात.

रणाच्या दिवशी असं करू. दुपारी जेवून भुजमधनं निघायचं, पांढऱ्या रणाच्या कडेचं गाव धोर्डो, ते ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे, वाटेत भिरंडियाराला रणात जायचं परमिट, त्याला आधार कार्ड लागतं. तिथे मावा मिळतो, प्रसिद्ध आहे, पण आपल्या कुंद्यासमोर काय नाही, खाऊन बघा आणि तुम्हीच सांगा. साडेचार-पाचला रणात पोचायचं, त्याच्या आधी नको, दुपारी त्या मिठावरनं ऊन डोळ्यात असं घुसतं की आपल्यासारख्यांना सहन होत नाही, बाबांचं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ऑपरेशननंतर दिलेला तो काळा चष्मा कपाटात पडलाय तो आठवणीने घ्या. गाडी थांबते तिथनं पुढे उंटगाडी मिळते, चालायचा हट्ट नको. चामड्याच्या चपला नकोत, मिठाने कडक होऊन वाया जातात, रबराच्या घाला. राहायला हॉटेल नाही, तिथल्या गावात भुंगे असतात, मातीच्या गोल खोल्या, बाथरूम आतच असलेला बघून ठेवलाय, आई, तू पहिलं तेच विचारणार म्हणून.

दुसऱ्या दिवशी घाई नाही. सूर्य इथे उशिरा उगवतो, फेब्रुवारीत सात वाजून गेल्यावरच, त्यामुळे बाबांनी पाचला उठून लाईट लावायची नाही. नाश्ता करून काळो डुंगर. कच्छमधला सगळ्यात उंच डोंगर, ४६२ मीटर, आणि वर दत्ताचं देऊळ! हे मी मुद्दाम फोनवर सांगितलं नव्हतं. तिथे आरती झाल्यावर कोल्ह्यांना गोड भाताचा प्रसाद ठेवतात, उपाशी कोल्ह्यांना दत्ताने आपलं अंगच खायला दिलं अशी कथा सांगतात तिथले लोक. दुपारच्या आरतीला पोचू असं निघायचं. कोल्हे दर वेळी येतातच असं नाही, पण वरनं अख्खं रण दिसतं तेवढ्यासाठी पण जावं. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, शेवटचं थोडं चढायचं.

धोलावीरा मी यादीतनं काढणार होते, पण बाबा इतिहासाचं एवढं वाचतात म्हणून ठेवलंय, हडप्पा काळातलं शहर, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, दगडात खोदलेले पाण्याचे हौद बघून तुम्ही तिथनं हलणार नाही. खावड्याहून तिकडे जाणारा रस्ता रणाच्या मधनं जातो, दोन्हीकडे मीठ नाहीतर पाणी. तिथे सकाळीच जायचं, सावली नाही आणि दगडावरनं चालायचंय, आई वाटलं तर म्युझियममध्ये बसेल.

मांडवीचा बीच एका संध्याकाळी पुरे. चोर्ला घाट उतरलं की आपल्याला गोव्याचा समुद्र आहेच, पण तिथे नदीकाठी लाकडाची मोठाली जहाजं अजून हाताने बांधतात ती बघण्यासारखी आहेत, आणि दाबेली तिथलीच. आईसाठी त्यापेक्षा नारायण सरोवर. पाच पवित्र सरोवरांतलं एक, आनेगुंदीचं पंपा सरोवर बघितलंयस ना, ते पण त्यातलंच. पलीकडे कोटेश्वराचं देऊळ अगदी समुद्राला लागून. भुजपासनं दीडशे किलोमीटर आहे, म्हणून रणाहून आल्यावर एक पूर्ण दिवस घरी झोपा काढायच्या आणि मगच.

इथली आमटी गोड असते, बाबांना जमणार नाही. शेंगाची चटणी आणि घरची मसूर थोडी आणा, बाकी बाजरीचा रोटला-लोणी मी खायला घालते. औषधं दोन पिशव्यांत वेगवेगळी, डॉक्टरना प्रवासाचं आधी विचारून घ्या.

मसुरीचं कळलं की लगेच सांगा आणि दादाला दोघांच्या आधारचा फोटो पाठवायला सांगा, बाबांचं पत्ता बदललेलं नवीन कार्ड, जुनं नको.

तुमची,
धाकटी