मिथेननिर्मितीत प्रकाशाचा वाटा किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन तयार करणाऱ्या नव्या उत्प्रेरकांच्या (स्वतः खर्च न होता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांच्या) बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. उत्प्रेरकांवर बरीच वर्षे काम करत असल्यामुळे त्या वाचून मला मनापासून आनंद होतो. मात्र या बातम्यांत, आणि खेदाने सांगावे लागते की पुष्कळदा मूळ शोधनिबंधांतही, एक प्रश्न अनुत्तरित राहतो: तयार झालेल्या मिथेनपैकी किती प्रकाशामुळे झाला आणि किती निव्वळ उष्णतेमुळे? उत्प्रेरक कोणत्या अंगाने सुधारायचा हे या उत्तरावर ठरत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून मिथेन बनवण्याची मूळ अभिक्रिया जुनी आहे. फ्रान्समध्ये पॉल साबातिए आणि त्यांचे सहकारी सेंडरेन्स यांनी १९०२ साली निकेलच्या बारीक भुकटीवर ती घडवून दाखवली. बारीक धातूंच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याच्या पद्धतीबद्दल साबातिए यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ८ ग्रॅम हायड्रोजन यांच्यापासून १६ ग्रॅम मिथेन आणि ३६ ग्रॅम पाणी मिळते, शिवाय मिथेनच्या प्रत्येक मोलमागे, म्हणजे या १६ ग्रॅममागे, सुमारे १६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. अभिक्रिया उष्णता देणारी असूनही ती सुरू करायला उष्णता लागते, कारण कार्बन डायऑक्साइडचा रेणू फार स्थिर असतो आणि निकेलवर समाधानकारक वेग मिळवण्यासाठी साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअस तापमान ठेवावे लागते. खरा पेच इथेच आहे. तापमान वाढवावे तर वेग वाढतो, पण समतोल मिथेनच्या विरुद्ध बाजूला झुकतो, कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढू लागते आणि निकेलचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होत जातात, म्हणजेच उत्प्रेरकाचा कामाचा पृष्ठभाग घटतो. त्यामुळे कमी तापमानात चांगला वेग देणारा उत्प्रेरक हवा, आणि प्रकाशाकडून अपेक्षा आहे ती नेमकी याच कामाची.

प्रकाश दोन प्रकारे उपयोगी पडू शकतो. काळ्या रंगाचे धातूचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरण दोन्ही शोषून स्वतःच तापतात; ही झाली उष्णताच, फक्त भट्टीऐवजी उन्हातून आलेली. दुसऱ्या प्रकारात प्रकाशाने उत्तेजित झालेले इलेक्ट्रॉन पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंचे बंध थेट कमकुवत करतात आणि अभिक्रियेचा मार्गच बदलू शकतात. हा दुसरा प्रकार कल्पनेतला नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली रोडियमच्या नॅनोकणांवर दाखवले, की केवळ तापवल्यावर मिथेनबरोबर कार्बन मोनॉक्साइडही बराच मिळतो, पण अतिनील प्रकाश पाडल्यावर जवळजवळ सगळा मिथेनच मिळतो. मात्र प्रत्येक नव्या उत्प्रेरकाच्या बाबतीत हे गृहीत धरता येत नाही, ते सिद्ध करावे लागते.

सिद्ध करणे किती नाजूक आहे, हे प्रयोगाच्या मांडणीवरून कळते. क्वार्ट्झच्या खिडकीखाली काळ्या भुकटीचा काही मिलिमीटर जाडीचा थर असतो आणि तापमान मोजणारा थर्मोकपल बहुधा त्या थराच्या तळाशी टेकलेला असतो. प्रकाश पडतो तो वरच्या पातळ पापुद्र्यावर. तळाशी २५० अंशांची नोंद होत असताना वरचा पापुद्रा २७० अंशांवर असला, तर या अभिक्रियेचा वेग तेवढ्यानेच सुमारे दुप्पट होतो, आणि ही वाढ इलेक्ट्रॉनांच्या खाती जमा केली की निष्कर्ष चुकतो. म्हणून पृष्ठभागाचे तापमान मोजून, अंधारात तेच तापमान ठेवून, तोच प्रयोग पुन्हा करायला हवा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

मिथेन खरोखर कार्बन डायऑक्साइडपासूनच आला का, हेही तपासावे लागते. एकदा आमच्याच प्रयोगात कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा बंद केल्यावरही काही तास मिथेनची नोंद येत राहिली. उत्प्रेरक बनवताना वापरलेल्या सेंद्रिय क्षाराचा कार्बन भुकटीत उरला होता. तेव्हापासून कार्बन-१३ या समस्थानिकाने (कार्बनच्या किंचित जड, म्हणून वेगळ्या ओळखता येणाऱ्या प्रकाराने) खूण केलेला कार्बन डायऑक्साइड वायू वापरून केलेली पडताळणी नसेल, तर मी कोणताही आकडा मनावर घेत नाही.

सुधारणेचा विचार याच चौकटीत व्हावा. प्रकाशाचे काम मुख्यतः तापवण्याचेच असेल, तर जास्तीत जास्त ऊन शोषणारा आणि उष्णता धरून ठेवणारा थर बनवण्यावर भर द्यायला हवा, आणि त्यासाठी स्वस्त निकेल पुरेसे आहे. इलेक्ट्रॉनांचा वाटा मोठा असेल, तर धातूचे कण आणि त्यांना आधार देणारे सिरियम किंवा टायटॅनियमचे ऑक्साइड यांच्या सीमेवर लक्ष केंद्रित करावे लागेल, कारण विद्युतभाराची देवाणघेवाण तिथे होते. रुथेनियम हा धातू कमी तापमानातही उत्तम काम करतो, पण तो दुर्मीळ आहे. उन्हावर चालणारा उत्प्रेरक रोज तापतो आणि रोज थंड होतो. त्यामुळे पहिल्या काही तासांच्या आकड्यांपेक्षा अशी शेकडो चक्रे पार पडल्यावर उरलेली क्षमता मला अधिक महत्त्वाची वाटते.

हायड्रोजनचा विषय तर वगळताच येत नाही. या अभिक्रियेत निम्मा हायड्रोजन पाण्यात जातो, आणि आज जगातील बहुतांश हायड्रोजन जीवाश्म इंधनांपासूनच बनतो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून त्याच हायड्रोजनने पुन्हा मिथेन बनवणे हा उलटा व्यवहार आहे.

तेव्हा अशा संशोधनाची बातमी छापताना पृष्ठभागाचे तापमान किती होते, अंधारात किती मिथेन मिळाला, उत्प्रेरक किती तास टिकला आणि हायड्रोजन कुठून आणला, एवढी माहिती आपल्या वार्ताहरांनी संशोधकांकडून आवर्जून विचारून घ्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
उत्प्रेरकांचा एक अभ्यासक