उभं न राहणाऱ्या मुलांची उंची कशी मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरभर आपल्या दैनिकात पोषण महिन्याच्या बातम्या वाचल्या. पाककृती स्पर्धा, प्रभातफेऱ्या, वजन-उंची घेतानाचे फोटो. माझ्या मुलीसारखं मूल त्यांत कुठेच दिसलं नाही, म्हणून लिहिते आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. वय 4 वर्षं. आधार दिला तर बसते, उभी राहत नाही.

गेल्या वर्षी अंगणवाडीत उंची घेताना दोघींनी धरून तिला उभं केलं. अंग ताठलं, पायांची कात्री झाली, गुडघे वाकलेलेच राहिले. जो आकडा आला तो लिहिला. सेविकाताईंना मी दोष देत नाही, त्यांना वेगळं काही शिकवलेलंच नव्हतं. पण अशी उंची कमी भरते. तीव्र कुपोषण उंचीच्या मानाने वजन बघून ठरवतात, त्यामुळे कमी उंचीला कमी वजन खपून जातं. माझी 9 किलोची मुलगी तीव्र कुपोषितांच्या यादीत आलीच नाही. वयाच्या मानाने वजन कमी होतं, त्यावर ‘अशी मुलं बारीकच असतात’ हे उत्तर मिळालं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

पुढे फिजिओथेरपिस्टनी गुडघा वाकवून टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं आणि त्यावरून उंचीचा अंदाज काढला. दंडाचा घेर मोजायची पट्टी तर अंगणवाडीत असतेच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की ते तीव्र कुपोषित, त्यासाठी उभं राहावं लागत नाही. वजनही आईने कडेवर घेऊन करता येतं, मग आईचं वजा करायचं.

खरी अडचण मात्र ताटापाशी असते. आम्ही तिला मांडीवर आडवं घेऊन बोंडल्याने पातळ पेज पाजायचो. मान मागे जायची, ठसका लागायचा, पेज नाकातून यायची. वाटीभर संपायला तास जायचा आणि निम्मी दुपट्यावर सांडायची. वर्षात तीनदा छाती भरली. घरात सगळे म्हणायचे, लाडावलीय, तोंडच उघडत नाही. अन्न श्वासनलिकेत जात असेल, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आता ती कोपऱ्याच्या खुर्चीत, म्हणजे पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या खास खुर्चीत, ताठ बसते, हनुवटी किंचित खाली. उथळ चमच्याने घट्टसर मऊ वरणभात, वर तूप. घास गिळला हे बघूनच पुढचा. पाव वाटीत जास्त ताकद जावी म्हणून तूप, तेल, दाण्याचं बारीक कूट. प्रत्येक मुलाचं गिळणं वेगळं, त्यामुळे हे तज्ज्ञाला दाखवूनच ठरवावं. काही मुलांना पोटात नळी बसवावी लागते. त्यात आईचं काही चुकलेलं नसतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारं, पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांनी अशा मुलांच्या आयांना तीन गोष्टी विचाराव्यात, एवढीच विनंती आहे: एका जेवणाला फार वेळ लागतो का, ठसका लागतो का, छाती वारंवार भरते का. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवावं. आठ महिन्यांत माझ्या मुलीचं वजन 10.4 किलो झालं आहे. हे आम्हाला दोन वर्षं आधी कळायला हवं होतं.

आपली,
एक आई, ता. कराड, जि. सातारा