वॉचमनची चौकशी होते, माझ्या भावाला आंघोळ घालणाऱ्याची का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र थोडं लांबलंय, कापायचं तर कापा पण मुद्दा ठेवा. मी इंदिरानगरला राहते. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हातापायांवर ताबा राहत नाही), व्हीलचेअरवर असतो आणि बोलत नाही, म्हणजे समजतं सगळं, हसतो, चिडतो, मॅच लागली की टीव्हीसमोरून हलू देत नाही, पण शब्द नाहीत. आई थकली, मी नोकरी करते, त्यामुळे सकाळी आठ ते रात्री आठ ब्युरोचा, म्हणजे घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस. नाशिकमध्ये आता दर दोन-चार बिल्डिंगमागे एका घरात असा माणूस नाहीतर मावशी असतेच, कुठे आजोबांसाठी, कुठे आमच्यासारखं.

माणूस पाठवताना ब्युरोने मला काय दिलं तर व्हॉट्सॲपवर आधार कार्डचा फोटो, तोही अर्धा अंधारातला. व्हेरिफिकेशनचं विचारलं तर म्हणे मॅडम टेन्शन नका घेऊ, आपलाच माणूस आहे, पेशंटला काही त्रास होणार नाही. (माझा भाऊ पेशंट नाही हे सांगायचं मी आता सोडून दिलंय.) आणि आमच्याच सोसायटीच्या गेटवर जो वॉचमन बसतो त्याचं काय, तर सिक्युरिटी एजन्सीचा २००५ चा कायदा आहे, गार्ड ठेवायच्या आधी त्याचं चारित्र्य, पूर्वीचं रेकॉर्ड तपासायची जबाबदारी एजन्सीवर आहे. म्हणजे बाहेर गाड्या मोजणाऱ्याची चौकशी होते आणि बंद दरवाजाआड माझ्या भावाचे कपडे बदलणाऱ्याची होत नाही.

भाऊ लहान असता तर निदान संस्थेपुरतं तरी काही होतं, कारण पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) २०२० च्या नियमात शाळा, पाळणाघर, मुलांच्या संस्था यांनी स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन ठराविक काळाने करायचंय असं लिहिलंय. अठरा पूर्ण झाली आणि घरीच राहिला की काहीच नाही. आणि गंमत बघा, बाबा गेल्यावर मी त्याची कायदेशीर पालक व्हायला अर्ज केला तेव्हा नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम अशा व्यक्तींसाठीचा कायदा) कलेक्टरांच्या समितीपुढे जावं लागलं, त्याच्या नावावर काय काय आहे त्याची यादी द्या, दरवर्षी हिशोब द्या. ते बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. फक्त सख्ख्या बहिणीवर एवढं लक्ष आणि बारा तास त्याच्यासोबत एकट्या असणाऱ्यावर शून्य.

आता जे झालं ते. दीड वर्षापूर्वी एक जण आला, गोड बोलायचा, आईला आवडला. दोन महिन्यांनी भावाला युरिन इन्फेक्शन, डॉक्टर म्हणाले पाणी कमी पडतंय. मी म्हटलं असं कसं, पाण्याचा जग तर रोज भरून ठेवते, मग लक्षात आलं की संध्याकाळी जग जवळजवळ तेवढाच असतो. डायपर जास्त वेळा बदलायला लागू नये म्हणून तो पाणीच देत नव्हता. नंतर दंडाच्या आतल्या बाजूला चिमट्यांचे डाग दिसले. आणि आठ वाजता बेल वाजली की भाऊ मुठी आवळायचा ते आम्ही थंडीचं समजत होतो, ते आठवलं की अजून स्वतःची लाज वाटते.

मी काय केलं? पूर्ण महिन्याचे पैसे देऊन त्याला घालवलं. बस. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९२ मध्ये चक्क लिहिलंय की दिव्यांग व्यक्ती ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून अन्नपाणी नाकारलं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा. हे मला नंतर कळलं, पण खरं सांगते, आधी माहीत असतं तरी गेले असते का? भाऊ जबाब कसा देणार, पुरावा काय, आणि ब्युरोने माणूस पाठवायचं बंद केलं तर सोमवारी ऑफिसला जाणार कोण. ब्युरोला फोनवर सांगितलं, ते सॉरी म्हणाले, दुसऱ्या दिवशी दुसरा पाठवला.

चार महिन्यांनी कॉलेज रोडला एका मेडिकलसमोर तोच दिसला, हातात मोठ्या माणसांच्या डायपरची दोन पाकिटं. म्हणजे दुसरं घर. मी गाडी वळवली आणि निघून आले. कुणाचं घर, विचारलं नाही.

म्हणून पोलीस व्हेरिफिकेशन सक्तीचं करा एवढंच म्हटलं की माझं समाधान होत नाही. त्या माणसाने उद्या चारित्र्य पडताळणीचं सर्टिफिकेट काढलं तर ते स्वच्छच येणार, कारण मी एफआयआर केलाच नाही, आणि आधीच्या घराने पण केला नसेल. जे माहीत आहे ते घराघरात आणि ब्युरोवाल्याच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही.

माझा मावसभाऊ मेलबर्नला हेच काम करतो, दिव्यांगांना सपोर्ट वर्कर म्हणून. तिथं २०२१ पासून देशभर एकसारखी स्क्रीनिंग आहे, नोंदणीकृत संस्थेत दिव्यांग माणसाशी थेट संबंध येणाऱ्या कामासाठी ती पास व्हावीच लागते. फक्त पोलीस रेकॉर्ड नाही, कामाच्या ठिकाणच्या गैरवर्तनाच्या नोंदीपण बघतात. क्लिअरन्स पाच वर्षं चालतो, नोकरी बदलली तरी तोच, पण मधल्या काळात काही नवीन निघालं तर रद्द होऊ शकतो. नाकारायच्या आधी माणसाला आपली बाजू मांडायला मिळते, नंतर अपीलही आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, नाहीतर एखाद्या घरात चमचा हरवला म्हणून मावशीचं आयुष्यभराचं काम जायचं.

तिथं सगळं छान आहे असंही नाही. २०२० मध्ये ॲडलेडला सेरेब्रल पाल्सीच असलेली एक बाई गेली, वर्षाहून जास्त काळ वेताच्या खुर्चीतच ठेवलं होतं, घरी सांभाळायला एकटीच केअरटेकर, तिला नंतर शिक्षा झाली. ते वाचून मी ठरवलं की एकाच माणसावर सगळं सोडायचं नाही, आता शेजारच्या काकू दुपारी न सांगता चक्कर टाकतात. पण हे माझं जुगाड झालं, व्यवस्था नाही.

आपल्या राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. त्यांनी ब्युरोंची नोंदणी सुरू करावी, माणूस का काढला ते लेखी नोंदवणं सक्तीचं करावं, त्या माणसाचं म्हणणं ऐकून मगच ती नोंद पक्की व्हावी, आणि नवीन घराला ती विचारता यावी. आणि खर्च या माणसांच्या डोक्यावर नको, महापालिकेचा दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी आहे ना, त्यातून फी भरा. आत्ता आमच्याकडे जे दादा आहेत त्यांनी मी म्हटलं म्हणून सर्टिफिकेट काढलं, ऑनलाइन अर्ज, मग पोलीस स्टेशनला बोलावणं, एक दिवसाची ड्युटी बुडाली, ती मी भरून दिली. दादा चिडतील असं वाटलं होतं, तर म्हणाले, "ताई, असं पक्कं कार्डच द्या आम्हाला, दर नवीन घरी पहिले आठ दिवस तुम्ही लोक कपाटाला कुलूप लावता."

लावलं होतं मी पण.

नाव छापू नका, ब्युरोची अजून गरज लागते.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक