मेकॅनिकच्या डायरीतली जर्मन विमाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांवर आलेला लेख इथे जर्मनीत बसून वाचला. तांत्रिक माहिती चांगली होती. पण ‘जर्मन यंत्र आणि जर्मन शिस्त’ हा कौतुकाचा सूर खटकला. त्याच विमानांखाली पाठीवर पडून काम केलेल्या एका माणसाची डायरी सध्या मी मराठीत आणते आहे. ते माझे आजेसासरे, लुफ्तवाफेत म्हणजे जर्मन हवाई दलात मेकॅनिक होते.

मराठीत कशासाठी, असे इथले नातेवाईकही विचारतात. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. जावयाचे आजोबा इंजिनात नेमके काय करत, हे त्यांना वाचायचे होते. डायरी झ्युटरलिन या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वळणात आहे. ही लिपी शाळांतून १९४१ साली खुद्द नाझी सरकारनेच बंद केली, त्यामुळे आपल्याकडे पणजोबांच्या मोडी कागदांचे होते तेच इथे झाले आहे: माझ्या नवऱ्याला स्वतःच्या आजोबांचे अक्षर लागत नाही. मला ते शेजारच्या एका वृद्ध बाईंनी शिकवले.

डायरीचा सर्वांत भरलेला भाग १९४२ च्या हिवाळ्याचा आहे. रशियात स्टालिनग्राडमध्ये जर्मन बाजूचे सुमारे अडीच लाखांचे सैन्य वेढले गेले होते. रोज ५०० टन सामान विमानाने पोहोचवू, असे हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगने हिटलरला सांगून टाकले. प्रत्यक्षात रोजची सरासरी १०० टनांच्या आसपास राहिली. हे आकडे पुस्तकांत मिळतात. ते तसे का झाले, हे मेकॅनिकला विचारावे. आजेसासरे वेढ्याबाहेरच्या तात्सिन्स्काया या विमानतळावर युंकर्स ५२ या मालवाहू विमानांवर होते. नऊ सिलिंडरची तीन इंजिने, दर सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एका विमानाचे ५४ प्लग. हातमोजे घालून प्लग बसत नाही आणि उणे पंचवीसमध्ये उघड्या बोटांची कातडी पान्याला चिकटते. तेल घट्ट होऊन इंजिन फिरेना, म्हणून रात्री इंजिन बंद करण्याआधी तेलात पेट्रोल मिसळायचे. सकाळी गरम हवेच्या गाडीचा कापडी नळ इंजिनाला लावून ते ऊब धरेपर्यंत थांबायचे. तेलात पेट्रोल हे वाचून बाबा फोनवर जवळजवळ ओरडलेच, ‘‘अगं, बेअरिंगची वाट लागेल!’’ लागायचीच. सुटे भाग येत नसत, मग एक विमान खोलून दुसरे उभे करायचे. विमाने कमी पडतात म्हणून वैमानिकांच्या प्रशिक्षण शाळांमधली विमाने शिक्षकांसकट आणली गेली, आणि तीही बर्फात अडकली. पुरवणीतल्या लेखात ज्या शिस्तीचे वर्णन आहे, तिचा या पानांवर मागमूस नाही. आहे ती रोजची जुगाडबाजी.

२४ डिसेंबरला पहाटे धुक्यात रशियन रणगाडे थेट तळावर घुसले. तळ वेळेत हलवायला गोअरिंगने परवानगी दिली नव्हती. शंभराहून अधिक विमाने मिळेल त्या दिशेने उडाली, उरलेली तिथेच गेली. आजेसासरे एका विमानात कोंबले जाऊन सुटले. त्या दिवसाच्या नोंदीत सर्वाधिक ओळी कशावर असाव्यात? मागे राहिलेल्या हत्यारांच्या पेटीवर. कुठला पाना कुठे घेतला होता, इथपर्यंत. मागे राहिलेल्या सोबत्यांवर दीड ओळ आहे. बाबांना पेटीचे दुःख लगेच कळले. मला ते पान अजून नीट पचलेले नाही.

खरा वाद झाला तो मात्र एका बारीक नोंदीवरून. धावपट्टीवरचा बर्फ रशियन युद्धकैद्यांकडून काढून घेत असत. त्यांतले दोघे काम करता करता पडले, असे आजेसासरे लिहितात, आणि पुढचे वाक्य ऑइल पंपाचे आहे. हे वाक्य गाळावे, असे माझ्या आतेसासूबाईंचे म्हणणे. ‘‘पप्पा साधे मेकॅनिक होते, त्यांनी कोणाला मारले नाही.’’ त्या मायाळू आहेत, मला परकी कधी मानले नाही, त्यामुळे नाही म्हणणे जड गेले. तरी वाक्य ठेवले आणि खाली टीपही दिली: जर्मनांच्या हाती लागलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी अंदाजे ३३ लाख मेले, बहुतेक भुकेने, थंडीने, रोगाने आणि गोळीने. टीप नसती, तर दोन माणसे पाय घसरून पडली असेच मराठी वाचकाला वाटले असते.

१९४४ मध्ये आजेसासऱ्यांना फोकेवुल्फ १९० या लढाऊ विमानांवर नेमले. त्यांना बीएमडब्ल्यू ८०१ इंजिने असत. नवी इंजिने खोक्यातून निघतात तेव्हा जोड सैल असतात, आत धातूचा कीस सापडतो, अशी तक्रार ते वारंवार करतात. कोणी जोडली, याबद्दल अवाक्षर नाही. ही इंजिने बनवणाऱ्या म्युनिकजवळच्या आलाखच्या कारखान्यात दाखाऊ छळछावणीतले हजारो कैदी राबत होते. बाबांना खात्री आहे की ते जोड मुद्दाम सैल ठेवले असणार. असतीलही, उपाशी माणसाच्या हाताला जोर नसतो, हेही तितकेच खरे.

१२ मे १९४४ नंतर कोळशापासून पेट्रोल करणारे, लॉयना गावातल्यासारखे कारखाने अमेरिकी बाँबफेकीत उद्ध्वस्त होत गेले, आणि डायरी चिडकी होते. दुरुस्त केलेली विमाने इंधनाविना झाडांखाली उभी. शेवटी शेवटी तर ती धावपट्टीपर्यंत ओढायला गावातले बैल आणले जात, म्हणजे तेवढेच पेट्रोल वाचे.

मूळ वही आम्ही एमेंडिंगेनच्या डायरी संग्रहालयाला देणार आहोत. सामान्य माणसांच्या डायऱ्या जपणारी ही संस्था १९९८ पासून चालू आहे. आतेसासूबाईंनी सही करायचे कबूल केले आहे, पानांना कात्री न लावण्याच्या अटीवर मात्र अजून कुरकुर चालू आहे.

आपल्याला विनंती एवढीच, की या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा इंजिनाच्या अश्वशक्तीशेजारी ते कोणाच्या हातून जोडून घेतले होते, याचीही एक चौकट द्यावी. माहिती प्रसिद्ध आहे, लेखकाला शोधायला फार कष्ट पडणार नाहीत.

आपली,
एक वाचक, जर्मनी
(घरातला विषय असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)