घरी राहिलेल्या भावंडाशीही कोणी बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा मुलगा रुग्णालयात होता म्हणून भेटायला गेले होते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्याची मोठी बहीण दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. तिथे येणारा प्रत्येक नातेवाईक तिला एकच विचारत होता, ‘छोटा कसा आहे?’ आणि ती दर वेळी ‘बरा आहे’ म्हणत होती. ते ऐकून मी हे पत्र लिहायला घेतलं, कारण हे उत्तर मी स्वतः तीन वर्षं दिलं आहे.

मी नऊ वर्षांची असताना माझ्या सहा वर्षांच्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला. आई त्याच्याजवळ, बाबा कामावरून थेट तिकडे, आणि मी मावशीकडे. मावशीने मला काहीही कमी पडू दिलं नाही. पण भाऊ खरोखर कसा आहे, हे मला कोणी सांगत नव्हतं. मोठी माणसं माझी चाहूल लागली की बोलणं थांबवायची.

तो आजारी पडला त्याच आठवड्यात त्याने माझा निळा खडू मोडला होता आणि मी रागाने म्हणाले होते, ‘तू नसतास तर बरं झालं असतं.’ हे वाक्य मी पुढची कित्येक वर्षं कोणालाही सांगितलं नाही. आपण मनात आणलं म्हणून वाईट झालं, असं लहान मुलांना मनापासून वाटतं. कर्करोग भांडणाने होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही, एवढं मला तेव्हा कोणी सांगायला हवं होतं. कळलं तेव्हा मी कॉलेजात होते.

दीड वर्षाने आजार उलटला. एके दिवशी बाबा मला रुग्णालयात घेऊन गेले, माझं रक्त काढलं. कशासाठी, तर ‘भावाला मदत होईल.’ नर्सताई मला शूर म्हणाल्या. काही दिवसांनी मावशी फोनवर हळू आवाजात म्हणाली, ‘नाही गं, तिचं जुळलं नाही.’ मी समजले, माझ्या रक्तातच काहीतरी खोट आहे. खडूचं भांडण आणि हे ‘जुळलं नाही’ माझ्या डोक्यात एकत्र झालं.

खरं म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गर दुसऱ्याकडून घेऊन रुग्णाला देण्यासाठी, पेशींवरच्या ज्या खुणा जुळाव्या लागतात, त्या आपल्याला निम्म्या आईकडून आणि निम्म्या वडिलांकडून मिळतात. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. चार चिठ्ठ्या करून हे नऊ वर्षांच्या मुलीला पाच मिनिटांत समजावता येतं. सुई टोचण्याआधी ती पाच मिनिटं द्यायलाच हवीत. ज्याचं जुळतं त्यालाही ती हवीत, कारण प्रत्यारोपण करूनही भाऊ वाचला नाही तर ते मूल दोष स्वतःकडेच घेतं.

भेटीची गोष्टही अशीच. वॉर्डाच्या दारावर ‘बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी होती. मी आवारात उभी राहायचे आणि आई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत भावाला उचलून धरायची. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला साधी सर्दीही महागात पडते, आणि कांजिण्या तर पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीच पसरू लागतात. ही भीती खरीच आहे. पण भावंडाला ताप-खोकला आहे का, वर्गात कोणाला कांजिण्या आल्यात का, लसी झाल्यात का, हे विचारून, हात धुऊन, मास्क लावून दहा मिनिटं आत सोडता येतं. अगदीच अशक्य असेल तेव्हा व्हिडिओ कॉलची वेळ ठरवून देता येते. एके काळी आईवडिलांनाही संसर्गाचंच कारण सांगून मुलांपासून दूर ठेवलं जायचं. ब्रिटनमध्ये १९५९ च्या प्लॅट समितीने त्यांना भेटीची मोकळीक द्यावी असं सांगितलं. भावंडांसाठी आपण अजून पाटीवरच थांबलो आहोत.

बालकर्करोगाच्या तज्ज्ञांनी २०१५ साली मानसिक-सामाजिक देखभालीचे १५ निकष प्रसिद्ध केले. त्यातला एक भावंडांसाठीच आहे. त्यांना आधाराच्या सोयी मिळाव्यात आणि त्यांच्या गरजा कशा ओळखायच्या हे पालकांना व कर्मचाऱ्यांना सांगितलं जावं, विशेषतः ज्या भावंडांना रुग्णालयात नियमित येता येत नाही त्यांच्या बाबतीत, असं त्यात म्हटलं आहे. माझी मागणी याहून लहान आहे. मुलाला दाखल करून घेताना कागदावर एक प्रश्न असावा: घरी आणखी कोणती मुलं आहेत, आणि त्यांच्याशी कोण बोलणार? पुढे समुपदेशकाचं किंवा समाजसेवकाचं नाव लिहिलेलं असावं. आईवडिलांवर हे टाकू नका. माझ्या आईत तेव्हा बोलायचं त्राणच नव्हतं, आणि तिला दोष देण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही.

त्या तीन वर्षांत एकाच व्यक्तीने मला आधी माझ्याबद्दल विचारलं. माझ्या वर्गशिक्षिका. मधल्या सुट्टीत त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘तुला काल झोप लागली का?’ नाही म्हटल्यावर पुढच्या तासाला त्यांनी मला बाकावर डोकं ठेवून झोपू दिलं.

भाऊ पुढे औषधांनीच बरा झाला. खिडकी त्यालाही आठवते. खाली मी आहे हे कळायचं, पण चेहरा नीट दिसायचा नाही, असं तो म्हणतो.

आपली नम्र,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)