सनद मिळाली, आभार राहिले होते

साक्रीकडच्या आमच्या घरात कोर्टाची पायरी चढलेलं कुणीच नव्हतं. एलएलबी झालं, बार कौन्सिलची सनद आली आणि धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात ज्युनिअर म्हणून उभी राहिले, ती काही माणसांमुळे. नावं लिहायची नाहीत असं त्यांनीच बजावलंय.

आमच्या ऑफिसातले कारकून काका. फाईलची दोरी सोडून त्यांनी रोजनामा, म्हणजे खटल्यात कुठल्या तारखेला काय झालं त्याची नोंद, वाचायला शिकवला: आधी शेवटची तारीख, मग मागे मागे जायचं. वकीलपत्रावर तिकीट कुठे लावायचं, नकलेचा अर्ज कसा करायचा, हे कुठल्या पुस्तकात सापडणार?

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले: भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. पण त्याआधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू, म्हणजे जुनी-नवी दोन्ही कलमं पाठ हवीत. खुनाच्या 302 चं 103, फसवणुकीच्या 420 चं 318(4). एका वकील ताईंनी हाताने लिहिलेला तक्ता न मागता माझ्या हाती ठेवला. अटकपूर्व जामिनाच्या, प्रक्रिया संहितेतल्या जुन्या 438 पुढे नवं 482 लिहून त्याखाली त्यांनी लाल रेघ मारलीय.

आणि व्हरांड्यातले टायपिस्ट दादा! पहिल्या महिन्यांत हाती पैसा नव्हता, तेव्हा माझे अर्ज त्यांनी उधारीवर टाईप केले. पक्षकार अहिराणीत बोलला की मी त्याच्याशी अहिराणीतच बोलावं, हेही त्यांचंच सांगणं.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.